गेरूचे नऊ आकडे

अगं, अशी जवळ ये. तू तिकडं पुण्यात आणि मी इथं, जवळ येणार तरी कशी म्हणा. पण वाचताना तरी तो मोबाईल पालथा घाल आणि शेजारी बसल्यासारखी बस. मला तुला रागवायचं आहे. परवा फोनवर तू म्हणलीस, "काकू, शेतातलं ते जुनं शेड अजून पाडलं नाही का?" कुकरची शिट्टी झाली म्हणून मी फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

शेड म्हणे! पाच खणांचा आखाडा आहे तो. तुझ्या वडिलांच्या आज्यानं, निजामाचं राज्य होतं तेव्हा बांधलेला. खाली काळ्या दगडाच्या भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. अर्ध्या भागात गुरं, अर्ध्या भागात माणसं, दारात चिंचा आणि चिंचांच्या पलीकडं पायऱ्यांची बारव. शेतात राहायचं घर म्हणजे आपला आखाडा. त्यातला अर्धा वाटा आता तुझा आहे, आणि तुला तो शेड दिसतो. तो आखाडा राहतो का जातो, या काळजीत माझी निम्मी उमर गेली बाई. आणि त्या काळजीची सवय मला ज्या माणसानं लावली, त्या माणसाचं मी आज तुला सांगणार आहे. तू तेव्हा औरंगाबादला होस्टेलात होतीस. तुला ते फार तर उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या वेळी दिसले असतील, हातात छत्री घेतलेले.

आमच्या नगरपंचायतीत ते ओव्हरसियर होते. बांधकामावर देखरेख करणारे. गाव त्यांना वरसेर म्हणायचं, मी साहेब म्हणायची. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या बदलीच्या कागदावर पहिल्यांदा वाचायला मिळालं, आणि ते वाचून कुणा भलत्याच माणसाची बदली झाल्यासारखं वाटलं.

पहिली भेट सांगते. दुष्काळाचं तिसरं वर्ष. गुरं सगळी चारा छावणीत, गुरांमागं गडीमाणसंही छावणीत. आखाडे ओस पडले होते. मी टँकरवरून दोन हंडे घेऊन आखाड्यावर आले, तर माळवदावर एक अनोळखी माणूस उभा, आणि तांब्यानं छतावर पाणी ओततोय.

मी खालून ओरडले, "कोण हाय रे वर? उतर आधी खाली!"

"ताई, ओरडू नका. आत जाऊन बघा बरं, तिसऱ्या खणात थेंब येतोय का."

"थेंब? इथं प्यायला पाणी न्हाई, आन तू छतावर ओततोस?"

"हे माझ्या आंघोळीचं हाय. माझ्या वाट्याचं. आज मी आंघोळ केली न्हाई."

रागारागात मी आत गेले. तिसऱ्या खणाखाली उभी राहून वर बघितलं. पुसल्यासारखं कोरडं. बाहेर येऊन म्हणलं, "न्हाई येत."

तर वर हा माणूस परीक्षेत पास झाल्यासारखा हसला. "येणारच न्हाई! कुणी केलंय हो हे माळवद?"

"माझ्या आजेसासऱ्यानं."

"त्यांना माझा नमस्कार सांगा."

"ते जाऊन लई वर्षं झाली."

"मग घरालाच सांगतो," म्हणले, आणि वाकून माळवदाच्या कठड्याला हात लावून तो कपाळाला लावला. मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. तसं थोडं फिरलेलंच होतं, पण उन्हानं नव्हे.

साहेब कुणाच्याही दारात गेले की आधी घराची चौकशी. "घर कसंय?" मग भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा, मान हलवायची. त्यानंतर, "तुमी कशा आहात?" माझ्या जावेला, म्हणजे तुझ्या आईला, याचा लई राग. ती एकदा तापानं फणफणलेली होती, आणि हे आत येऊन भिंतीला म्हणतात, "दम लागतोय का?" ती अंथरुणातून म्हणाली, "लागतोय की! पण विचारतोय कोण?"

छत्री त्यांच्या हातात बारा महिने. दुष्काळात माणूस छत्री घेऊन हिंडतो म्हणून पोरं मागं लागायची, "कावून हो वरसेर, ढग पाडायला निघाले का?" पण ती छत्री उघडलेली मी कधी बघितली नाही. तिच्या दांड्यावर त्यांनी चाकूनं फूट आणि इंच कोरून घेतले होते. कार्यालयातला टेप कुणीतरी कायमचा नेला होता आणि नवा येत नव्हता. या माणसानं गावातल्या सगळ्या भिंती, ओटे, देवळ्या, बारवेच्या पायऱ्या छत्रीनं मोजल्या. आपली बारव एकोणतीस पायऱ्यांची आहे, हे मला त्यांनी सांगितलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या पायऱ्या उतरत होते, कधी मोजल्या नव्हत्या.

आणि चहा. सिमेंटच्या स्लॅबखाली ते चहा घ्यायचे नाहीत. नगराध्यक्षांच्या बंगल्यावर सगळे आत सोफ्यावर, आणि साहेब कप घेऊन बाहेर लिंबाखाली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "स्लॅबखाली माझा चहा उतरत न्हाई." लोकांना वाटायचं शिष्टपणा आहे. मलाही वाटायचं.

ते वारल्यावर मी त्यांच्या घरी अंबाजोगाईला गेलते. बायकोला भेटायला. मनात धरून गेलते की माणूस एवढा जुन्या घरांचा वेडा, म्हणजे घर कसं असेल! तर सरकारी चाळीसारख्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. भाड्याच्या. डोक्यावर स्लॅब. सगळी उमर त्यांनी स्लॅबखाली काढली. त्यांचे वडील गवंडी. दुसऱ्यांची माळवदं केली, स्वतःचं घर झालंच नाही. त्यांची बायको म्हणाली, "चहा ते जिन्यात बसून प्यायचे. पावसाळ्यात बी. येणारे-जाणारे कपाला पाय लावायचे, पण आत यायचे न्हाईत." मग मला नीट न्याहाळून म्हणाली, "तुमीच का त्या आखाड्यावाल्या? बघायचं होतं एकदा. तुमचा आखाडा म्हणजे माझी सवत हाय." असं म्हणून ती हसली, आणि मग रडली. मीही.

तर असा माणूस. आता मुख्य गोष्ट.

आमचं जुनं गाव धरणात गेलं, हे तुला माहीत आहे. माजलगावकडचं आमचं सगळं शिवार त्या पाण्यानं उलटंपालटं केलं. गाव उठून वर माळावर आलं, सरळ सरळ रस्ते, सारखी सारखी घरं. जुनं म्हणून जे काही उरलं ते पाण्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या कडेनं असलेले नऊ आखाडे, त्यांच्या चिंचा आणि एक बारव. पुढं गावाची नगरपंचायत झाली, हद्द वाढली, आणि हे आखाडे एका रात्रीत शहरात आले. शहर म्हणजे काय, तर टँकर तोच, फक्त पाटी नवी.

मी बायकांच्या राखीव जागेवरून निवडून आले होते. दूध संस्थेची चेअरमन होते, सगळ्या गल्ल्या पायाखालच्या, म्हणून लोकांनी उभं केलं. शाळा माझी दोन वर्षांची. वाचायला शिकले ती संस्थेच्या भिंतीवरच्या पाट्या वाचून.

त्या वर्षी आमच्या भागातल्या कारखान्याच्या मंडळींनी ओढ्याकडंच्या गाडीवाटेचा मोठा रस्ता मागितला. उसाचे ट्रक थेट जावेत म्हणून. शिवारात तेव्हा उसाचं टिपरू नव्हतं, पण रस्ता पाहिजे होता. आणि तो रस्ता आला की एका बाजूच्या चिंचा आणि नऊच्या नऊ आखाडे जाणार. नगराध्यक्ष बैठकीत म्हणाले, "ती मातीची ढिगारं कवाची पडायला झाली हायत."

कोपऱ्यातून साहेब बोलले, "अध्यक्षसाहेब, आधी वर चढा."

"काय?"

"माळवदावर. एकदा वर चढा, चाला, मग ढिगारं म्हणा."

नगराध्यक्षांचं वजन तुला ठाऊक आहे. बैठकीत सगळे हसले, नगराध्यक्ष सोडून. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांचं ते सगळ्यांनाच सांगणं होतं, आधी वर चढा. त्यात कुणाचा अपमान होतो हे त्यांच्या डोक्यात यायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं एक जाड पुस्तक घेऊन आले. कायद्याचं. "ताई, यात एक सोय हाय. जुनी घरं, झाडं, पाणवठे, मोकळी शेतं बी, नगरपंचायत ठराव करून वारशाच्या यादीत घेऊ शकते. यादीत आलेलं परवानगीशिवाय कुणाला पाडता येत न्हाई. रस्त्याला बी न्हाई. पण ठराव मांडायला मेंबर लागतो."

"आन मेंबर म्हणजे मी."

"तुमच्या माळवदातून थेंब पडला न्हाई, म्हणून तुमच्याकडं आलो."

ते पुस्तक मी बोट ठेवून ठेवून वाचलं. आयुष्यात शेवटपर्यंत वाचलेलं माझं पहिलं पुस्तक ते. लोकांचं रामायण असतं, माझा कायदा.

ठराव मांडला त्या दिवशी माझा हात वर झाला खरा, पण भीती होतीच. गावात प्रत्येक घर कारखान्याचं सभासद. मनात एकच, उद्या ऊस लावला तर आपली तोड शेवटी येईल, वाळून चिपाड झाल्यावर. तुझे काका घरी म्हणाले, "ऊसच न्हाई तर तोड कसली?" पण भीतीला ऊस लागत नाही गं. ठराव एका मताच्या फरकानं पास झाला. मालकांना हरकत घ्यायला महिना दिला. मला वाटलं, झालं, जिंकलो.

आणि इथंच साहेबांनी घोटाळा केला. घोटाळा म्हणजे चोख काम केलं.

यादी करायची तर प्रत्येक आखाड्याला नंबर पाहिजे. भिंती पांढऱ्या मातीनं सारवलेल्या, त्यावर चुना दिसणार नाही. म्हणून त्यांनी गेरू भिजवला आणि प्रत्येक दाराशेजारच्या सारवलेल्या दगडावर आकडा काढला. एक ते नऊ. अक्षर त्यांचं छापल्यासारखं. पाचाचं पोट गोल, नवाची शेपटी डौलदार. तो दिवस असा की गडीमाणसं छावणीत, मी टँकरच्या खेपा वाढवून घ्यायला बीडला गेलेली. आखाड्यांवर एखाददुसरी म्हातारी, ती काय बोलणार. साहेब अंबाजोगाईचे. त्यांना काय माहीत?

तुला तरी माहीत आहे का? बरं, सांगते. धरण होणार होतं तेव्हा जुन्या गावात माणसं आली आणि त्यांनी दारादारावर गेरूनं आकडे टाकले. ज्या घराला आकडा, ते घर पाण्यात. काहींनी आकडा दिसल्याबरोबर माळवद उकरून तुळया काढल्या आणि बैलगाडीत घालून वर नेल्या. काही म्हणाले, वेळ आहे अजून. माझे सासरे, तुझे आजोबा, वेळ आहे म्हणणाऱ्यांतले. पाणी आलं ते विचारून आलं नाही. सागाच्या तुळया डोळ्यांदेखत तरंगत गेल्या. तुझे वडील, आमचे आबा, तेव्हा मिसरूड न फुटलेलं पोर. त्यांनी पाण्यात उडी घेतली आणि पोहत पोहत एक तुळई काठाला आणली. एकच. तीच पुढं आपल्या आखाड्याच्या पाचव्या खणात बसवली.

तेव्हापासून या भागात गेरूचा आकडा म्हणजे एकच गोष्ट. कुणी वाचत बसत नाही, कुणी विचारत बसत नाही. पहार उचलायची आणि आधी लाकूड वाचवायचं.

मी बीडहून सकाळी परत आले. फाट्यावर उतरले तर ओढ्याकडं धूळ उठलेली. वारा नव्हता आणि धूळ. मी धावत गेले तर छावणीतली सगळी माणसं आखाड्यांवर चढलेली, पहारी चालू, माळवदाची माती खाली कोसळतेय. तीन आखाडे उघडे झाले होते. आणि आपल्या आखाड्यावर आबा. पाचवा खण उघडलेला, खाली उभं राहिलं की आभाळ दिसत होतं.

"आबा, काय करताय हो हे?"

"तूच ठराव केलास ना? घर वाचवायचा? मग हे काय हाय?" त्यांनी पहारीनं दाराकडं दाखवलं. दगडावर लाल पाच. सुंदर.

मी आकडा बघितला आणि मलाही क्षणभर तेच वाटलं, की गेलं. कायदा वाचलेली मी, ठराव मांडलेली मी, आणि मलाही.

तेवढ्यात साहेब सायकलवरून आले. सायकल तशीच टाकली.

आबांनी वरून विचारलं, "बे, तूच लिवलास का हे?"

"हो, मीच. का? नंबर नीट आला न्हाई का?"

"नंबर लई नीट हाय. असाच नंबर माझ्या बापाच्या दारावर होता. कुठं हाय ते दार? जा, धरणात बुडी मार आन बघून ये!"

साहेबांना कळेना. ते माझ्याकडं बघायला लागले. मी दोन वाक्यांत सांगितलं, आकडे, पाणी, तुळया. मग बाई, त्या माणसाचा चेहरा असा झाला की मला माझं दुःख विसरायला झालं. ते ओट्यावर बसले. खिशातून वही काढली, एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. त्यात आपल्या आखाड्याचं सगळं लिहिलेलं होतं, आणि शेवटी: पाचवी तुळई वेगळी. नक्षी जुळत नाही. एका बाजूला पाण्याचा डाग. कारण माहीत नाही.

"हीच का ती?" त्यांनी हळू विचारलं.

"हीच."

ते उठले. खांद्यावरचा रुमाल आणि बाटलीतलं पाणी घेऊन दगडावरचा पाच घासायला लागले. गेरू तो, पसरायला लागला. आकडा जाऊन लाल डाग झाला, तो आणखीच वाईट. बाटली संपली. ते माझ्याकडं वळले आणि त्यांनी ओट्यावरच्या हंड्याकडं बघितलं.

तो हंडा म्हणजे दोन दिवसांचं प्यायचं पाणी होतं. टँकर पुन्हा कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नव्हतं. सगळ्या बायका बघत होत्या. तुझी आई म्हणाली, "देऊ नकोस. ह्याच्यापायी आधीच घर उघडं पडलंय, आता लेकरं बी तहानेली ठेवशील?" तिचं काही चुकत नव्हतं. मी हंडा उचलला तेव्हा मला मीच वेडी वाटले. पण दिला.

साहेबांनी नऊच्या नऊ आकडे घासून काढले. जे आखाडे उघडे झाले होते, त्यांचेसुद्धा. त्या दारांत तर त्यांना माणसं काय काय बोलली, ते लिहिण्यासारखं नाही. ते प्रत्येक दारात एकच म्हणायचे, "मला ठाऊक न्हवतं. चूक माझी हाय." दुपार झाली. पुसून झाल्यावर ओल्या सदऱ्यानं ते शिडी चढून आबांपाशी गेले आणि उघड्या खणाच्या कडेला बसले. बाकीची माणसंही हात थांबवून ऐकायला लागली.

"आबा, आकडा पुसला. पण यादीत तुमचं घर अजून हाय. ती घर पाडायची यादी न्हाई, ठेवायची हाय. तरी बी तुमी म्हणाल तसं करतो. ठेवू का खोडू?"

आबांनी तुळईवर हात ठेवला. मी खाली उभी. ठेवू म्हणा, ठेवू म्हणा, असं मनातल्या मनात चाललेलं.

आबा म्हणाले, "घर ठेवतो. नाव ठेवू नको. आमचं नाव एकदा कागदावर गेलतं, त्याच्यानंतर गाव राहिलं न्हाई."

साहेबांनी वही काढली आणि त्यांच्यासमोर पाच नंबरची ओळ खोडली. त्यांना काही खोडताना मी तेवढंच एकदा बघितलं.

म्हणजे झालं काय बघ. नऊपैकी तीन आखाडे गेले ते गेलेच. पाच यादीत राहिले, त्यांच्या मालकांनी ऐकलं, चिंचा आणि बारवही राहिली, आणि रस्ता पलीकडून वळला. आणि जिनं ठराव मांडला तिचंच घर यादीबाहेर. नगरपंचायतीत मला टोमणे काय कमी ऐकावे लागले? नगराध्यक्ष तर चहा देताना विचारायचे, "काय मेंबर, वारसा घरी न्हाई ठेवायचा वाटतं?"

पण आबा शब्दाला पक्के. नारायणगडाचे वारकरी, गळ्यात माळ, बोलले ते केलं. तुळई पुन्हा जाग्यावर बसवली. साहेब तीन दिवस रजा टाकून मदतीला. वरच्या लाकडी पट्ट्या, पाला, मग माती. पण माती भिजवायला पाणी कुठलं? कोरडीच पसरली आणि नुसती चोपली. कोरडी माती म्हणजे पहिली सर आली की सगळी आत. आणि मग माझी काय गत झाली ऐक. सगळा मुलूख आभाळाकडं डोळे लावून बसलेला, देवळात पाण्यासाठी भजनं चालू. मी भजनात बसायची, टाळ वाजवायची, आणि मनात म्हणायची, देवा, ये पण जरा थांबून ये. आठ दिवस थांब, माती भिजवण्यापुरतं टँकरचं पाणी मिळू दे. एवढं पाप माझ्या हातून दुसरं झालं नाही. तुला पहिल्यांदाच सांगतेय.

साहेबांना त्या आकड्यांबद्दल मेमो मिळाला, पुढं सिरसाळ्याकडं बदली झाली. रिटायर झाले. तरी दरवर्षी चैत्रात एसटीनं यायचे, पांढरी माती कालवायला लावायचे आणि सहाही माळवदांवर टाकून घ्यायचे. यादीतली पाच आणि यादीबाहेरचं आपलं. लोक दुष्काळ पडला की माती टाकायची सोडतात, पाऊसच नाही तर छत कशाला म्हणून. त्या वर्षी ते हटकून यायचे आणि भांडायचे. शेवटी शेवटी आबा आणि ते माळवदावर बसून चहा प्यायचे. बोलायचे काही नाहीत. दोघांनाही ऐकू कमी यायचं. मी एकदा आबांना चाचरत म्हणलं, आता तरी नाव घालू या का यादीत? तर म्हणाले, "बोललो ना एकदा."

आता आबा आणि साहेब दोघंही नाहीत. आणि बाई, रस्त्याचं पुन्हा निघालं आहे. या वेळी रुंद. मागच्या आठवड्यात नगरपंचायतीतून एक पोरगी आली, नवी इंजिनिअर, मोबाईलवर फोटो काढत होती. गेरू-बिरू काही नाही. म्हणाली, "आजी, यादी नव्यानं करतोय. तुमचं घर जुन्या यादीत नाही, त्यामुळं रस्त्याच्या आड तेवढं एकच येतंय. आत घ्यायचं असेल तर दोन्ही वाटेकऱ्यांची संमती लागेल. महिना आहे."

त्यातले अकरा दिवस गेले. आमच्या वाट्याची सही मी केली आहे. करताना तुझ्या वडिलांचा आवाज कानात होता, नाव ठेवू नको. मग मी विचार केला, त्यांनी घर ठेवतो असंही म्हणलं होतं. आता दोन्ही शब्द पाळता येत नाहीत. एक ठेवला तर दुसरा मोडतो. ते गणित मला सुटत नाही. मी सून, तू लेक. तुझ्या बापाचा कोणता शब्द ठेवायचा, हे मी तुझ्यावतीनं ठरवू शकत नाही, आणि फोनवर तर मुळीच नाही.

तू नाही म्हणलीस तरी मी धरून ठेवणार नाही. पण इथं येऊन म्हण. शनिवारी माजलगावची गाडी पकड, फाट्यावर मी स्वतः उभी राहते. कागद मी डब्यात ठेवला आहे, माझ्या सहीशेजारची तुझी जागा मोकळी आहे. ये गं. लवकर ये.